धर्मपाठ आणि पुराण : ‘ख्रिस्तपुराणा’तील श्रोत्याची मागणी

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा (१६१६) विचार तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांनी बहुधा दोन परंपरांचा संगम म्हणून केला आहे. प्रस्तुत टिपणात त्याकडे शिक्षणाच्या अंगाने पाहावयाचे आहे. कारण हा ग्रंथ ज्या निकडीतून जन्मला, ती धर्मशिक्षणाच्या वर्गातील निकड होती.

पहिल्याच अवस्वरात ती प्रसंगरूपाने येते. गोव्यातील साष्टी प्रांतात रविवारी मुलांना धर्मपाठ दिले जात असता एक ब्राह्मण पाद्रीस विनवितो की, हे पाठ चांगलेच आहेत. परंतु आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी मन रमेल असे दुसरे पुराण का देत नाही? स्वर आर्जवाचा असला तरी आशय तक्रारीचा आहे. प्रसंग घडला तसा नोंदविला की श्रोता-वक्त्याच्या पौराणिक रीतीस अनुसरून रचला, या वादात शिरण्याचे कारण नाही. शिक्षकाने आपल्या ग्रंथाचे प्रयोजन म्हणून शिष्यवर्गाची उणीव पुढे ठेवावी, हेच पुरेसे बोलके आहे.

स्टीफन्स यांनी धर्मपाठाचे पुस्तकही रचले होते. मार्कुस जॉर्ज यांच्या पोर्तुगीज पुस्तकावर आधारलेली ही कोंकणी प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर (१६१९) राशोल येथे १६२२ साली छापली गेली. ती मुलांसाठी असल्याचे तिच्या शीर्षकातच म्हटले आहे. प्रश्नोत्तरीत उत्तर आधीच ठरलेले असते, ते मुखोद्गत करावयाचे. पुराणातही श्रोता प्रश्न विचारतो. पण उत्तर कथेच्या ओघात, सुमारे अकरा हजार ओव्यांतून उलगडत जाते. श्रद्धेचे नियम पाठ होऊ शकतात, श्रद्धेची गोडी मात्र ऐकत ऐकतच लागते, हा भेद या शिक्षकाने ओळखला होता, असे मला वाटते.

भाषेची निवडही याच भेदाला धरून आहे. घरची बोली कोंकणी, पुराणश्रवणाची भाषा मराठी. तरीही शुद्ध मराठी सर्वांस उमजत नाही म्हणून स्थानिक ब्राह्मणी बोलीचे शब्द आपण मिसळले, असे स्टीफन्स प्रस्तावनेत सांगतात. मराठी मुलुखाबाहेर, रायपुरात शिकविताना मला याचे मोल अधिक जाणवते. येथील कित्येक मराठी मुलांच्या घरच्या देवापुढची भाषा एक आणि शाळेतील प्रार्थनेची दुसरी असते.

अर्थात या उदारतेची मर्यादा विसरता येत नाही. जी भूक पुराणाने भागवावयाची, ती बंदीनेच निर्माण केली होती. १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. १६८४ साली मात्र पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला. सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे ग्रंथ छापला, तो हस्तलिखितांच्या आधारे.