कामाचं नाव वेगळं म्हणून पगार कमी?

चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, तेव्हा चर्चा झाली ती हातात येणाऱ्या पगाराची, ग्रॅच्युइटीची आणि स्त्रियांच्या रात्रपाळीची. त्या गदारोळात 1976 चा समान वेतन कायदा रद्द झाला आणि त्याची जागा वेतन संहितेच्या तिसऱ्या कलमाने घेतली, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मला मात्र ही बातमी वाचल्यावर पहिल्यांदा आठवली ती मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधली एक स्टेनोग्राफर, ऑड्री डिकॉस्टा.

तिची कंपनी होती मॅकिनन मॅकेन्झी, जहाजांच्या धंद्यातलं जुनं नाव. तिथल्या पुरुष स्टेनोग्राफरना एक वेतनश्रेणी आणि वरिष्ठ साहेबांकडे नेमलेल्या 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर'ना दुसरी, कमी पगाराची. काम तेच: मजकूर लघुलिपीत उतरवून घ्यायचा आणि टंकलिखित करायचा. जून 1977 मध्ये डिकॉस्टांची नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी दावा केला की, समान वेतनाचा वटहुकूम 1975 च्या महिला वर्षात निघाल्यापासून नोकरी जाईपर्यंतचा पगारातला फरक मला मिळायला हवा. रक्कम होती सात हजारांच्या आसपास.

कंपनीची उत्तरं मुळातून समजून घ्यावीत, कारण ती आजही जशीच्या तशी ऐकू येतात. या बायकांचं पद वेगळं आहे. त्या पदावर पुरुष नाहीतच, मग तुलना कुणाशी करायची? वेतनश्रेणी युनियनशी करार करून ठरली आहे. आणि शेवटी, कंपनी तोट्यात आहे, एवढा पगार परवडणार नाही. पहिल्या अधिकाऱ्याने काम सारखं असल्याचं मान्य करूनही दावा फेटाळला. अपिलात निकाल फिरला, मुंबई उच्च न्यायालयात दोनदा टिकला आणि 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं अपील फेटाळलं. पदाचं नाव बघू नका, प्रत्यक्ष काम बघा. बारीकसारीक फरकांवरून काम वेगळं ठरत नाही. युनियनचा करार कायद्याच्या वर नाही. आणि परवडत नाही ही सबब कायद्यात नाही. स्त्रीला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल या देशात आलेल्या निकालांमध्ये मी हा निकाल फार वरचा मानते. पाणउतारा झाला, अपशब्द वापरले, असा आरोप त्यात कुठे नव्हता. भेदभाव बसला होता पगारपत्रकाच्या एका रकान्यात, आणि तो तिथून उचकटून काढावा लागला.

हीच रीत शेतात बघा. खुरपणी, कापूस वेचणी 'बायकांचं काम', फवारणी 'गड्याचं काम', आणि रोज त्या नावावरून ठरतो. दिवसभर वाकून केलेल्या खुरपणीला कष्ट कमी लागतात असं कोण म्हणेल? ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, हिशेब लागतो टनावर, जोडीचा. मोळ्या बांधणारी आणि त्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवणारी बाई त्या हिशेबात स्वतंत्र माणूस म्हणून येतच नाही. एका दिवसाचा खाडा पडला की दंड. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये राज्यभर खळबळ उडाली, चौकशी समिती बसली. त्या बातमीच्या मुळाशी हा खाडाही होता. ज्या मजुरीवर तिचं नावच नाही, तिच्यात भेदभाव झाला हे ती दाखवणार कशी? वेतनातली समानता मोजायला आधी तिची मजुरी तिच्या नावावर लागायला हवी, आणि ती मागणी साखर कारखान्यांकडे आणि सरकारकडे लावून धरायला हवी.

आता नव्या संहितेबद्दल. तिच्यात चांगलं असं की एकाच मालकाकडे सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल, तर लिंगाच्या आधारावर वेतनात भेद करता येत नाही, आणि समानता आणायची म्हणून कुणाचा पगार खाली ओढताही येत नाही. सारखं काम ओळखायचं ते कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी यांवरून. पण जुन्या कायद्यात 1987 च्या दुरुस्तीने बढती, प्रशिक्षण आणि बदली हे शब्द स्पष्टपणे आले होते. संहितेत ते नाहीत. भरती आणि 'नोकरीच्या अटी' एवढंच आहे. माझ्या मते हे नुकसान आहे. बाईला नोकरीवर घेण्यात आज अनेक कंपन्या काचकूच करत नाहीत. तिचं अडतं बढतीच्या दाराशी. सरकारी नोकरीत संविधानाची कलमं 14, 15, 16 तरी हाताशी असतात. खासगी नोकरीत बढती डावलल्याबद्दल थेट दाद मागावी असा सर्वव्यापी भेदभावविरोधी कायदा आपल्याकडे अजून नाही.

लग्न आणि बाळंतपण या दोन गोष्टींवर मात्र न्यायालयं बऱ्याच आधी बोलली आहेत. मुंबईतल्या एका औषध कंपनीत लग्न झालं की नोकरी संपे. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट अन्यायाची ठरवली. हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडायला लावणारा एअर इंडियाचा नियम 1981 मध्ये गेला. तरीही लग्नामुळे काढून टाकलेल्या लष्करी परिचारिकेला भरपाई मिळायला 2024 साल उजाडलं. बाळंतपणाची रजा 26 आठवडे आहे (दोन मुलं आधीच असतील तर 12), आणि या रजेवर असताना नोकरीवरून काढणं बेकायदा आहे. 'तूच राजीनामा दे' असा आग्रह होत असेल तर राजीनाम्यावर सही करू नये. सही झाली की गोष्ट फार अवघड होते.

जायचं कुठे, हा प्रश्न बायका विचारतात तेव्हा बहुतेकींना एकच दार सांगितलं जातं: कंपनीची अंतर्गत समिती. ती 2013 च्या कायद्याने लैंगिक छळासाठी आहे; पगाराचा निवाडा ती करू शकत नाही. मात्र लैंगिक मागणीला नकार दिल्यावर बढती अडवली असेल, तर तो लैंगिक छळच आहे आणि तिथे समितीकडेच जायचं. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. दहापेक्षा कमी माणसं असलेलं दुकान, घरकाम, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. ती कुठे बसते हे जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे विचारावं. या समित्या कागदावरच राहतात हे गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवलं. म्हणून तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

पगारासाठी कामगार खात्याकडे जायचं. दाव्याची मुदत आता तीन वर्षं आहे, जुन्या काही वेतन कायद्यांतल्या मुदतीपेक्षा बरीच ऐसपैस. दावा स्वतः करता येतो, युनियनमार्फतही करता येतो. हक्काच्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. सगळ्यात मोठी धास्ती असते ती शेजारच्या पुरुष सहकाऱ्याच्या पगाराची चिठ्ठी मिळवायची कशी याची. ती तुमच्या हातात असायलाच हवी असं नाही. कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार प्राधिकाऱ्याला आहेत. तुम्ही सांभाळायचं ते नेमणूकपत्र, तुमच्या पगाराच्या चिठ्ठ्या, नोकरीची जाहिरात, कामाची वाटणी दाखवणारे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेश. हे आजच घरच्या फोनवर उतरवून ठेवा; नोकरी गेली की ऑफिसचा ईमेल त्याच संध्याकाळी बंद होतो.

राज्य महिला आयोग चौकशी करू शकतो, मालकाला बोलावू शकतो, पगाराचा हुकूम काढू शकत नाही. तातडीची मदत 181 वर मिळते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा, तालुक्याला असाल तर तिथल्या न्यायालयातली विधी सेवा समिती, किंवा 15100 हा क्रमांक फिरवा. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. घरचं उत्पन्न कितीही असलं तरी.