मुलाचा ताप उतरत नाही? संसर्ग की कॅन्सर, हे वेळेत तपासून घ्या

पावसाळ्यात वस्तीत घरोघरी मुले तापाने फणफणतात. डॉक्टर व्हायरल, डेंग्यू, टायफॉइड सांगतात आणि बहुतेक वेळा ते बरोबर असते. पण क्वचित त्याच तापाआड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर असतो. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच आहे.

मग फरक कसा ओळखायचा? डेंग्यूतही प्लेटलेट घसरतात, पण ताप ओसरल्यावर काही दिवसांत त्या वाढू लागतात. ल्युकेमियात रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतच बिघडलेल्या पेशींची गर्दी होते. त्यामुळे हिमोग्लोबिनही घटते, मूल फिकट पडते, मार न लागता अंगावर काळे-निळे डाग उठतात, हाडे दुखून रात्री जाग येते. अशा वेळी फक्त सीबीसीवर थांबू नये. रक्ताचा स्मिअर आणि संशय राहिल्यास अस्थिमज्जा तपासावी लागते. निदानाआधीच स्टेरॉइड दिले तर या पेशी तात्पुरत्या दबतात, मूल बरे वाटते आणि आजार लपून राहतो.

मानेच्या गाठीचेही असेच. घसा बिघडून आलेली गाठ बहुधा दुखते आणि काही आठवड्यांत ओसरते. न दुखणारी, वाढत जाणारी गाठ टीबीची असू शकते, तशीच लिम्फोमा या कॅन्सरचीही. केवळ अंदाजाने टीबीची औषधे सुरू केली तर मोलाचे महिने वाया जातात. गाठीचा तुकडा तपासणे, म्हणजे बायोप्सी, हाच खात्रीचा मार्ग.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली 80 टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. उशिरा किंवा चुकीचे निदान हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

आणखी एक गोष्ट. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही. त्या मुलाचे ताट वेगळे मांडू नका. वेगळ्या ताटाचे दुःख आपल्याला कोणी सांगायला नको. उलट उपचार सुरू असताना त्यालाच आपल्या सर्दी-खोकल्यापासून जपावे लागते.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे: ताप किंवा गाठ दोन आठवड्यांनंतरही तशीच असेल तर कुटुंबाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. फिकटपणा, डाग किंवा रक्तस्राव दिसला तर त्याच दिवशी. सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावेत. खर्चाच्या भीतीने कोणी मागे फिरू नये, म्हणून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. आणि डॉक्टरांना न संकोचता विचारावे, "हे दुसरे काही असू शकते का?"