म्हाताऱ्या छोट्या कुत्र्याला अचानक वेदना होतात तेव्हा

घरातला बारा-तेरा वर्षांचा पॉमेरियन किंवा डॅशहुंड झोपेतून उठताना एकदम किंचाळतो. अंग थरथरते, मान खाली जाते, हात लावू देत नाही. दहा मिनिटांनी तोच पोळीचा तुकडा मागायला येतो. चार दिवस काही नाही आणि मग पुन्हा तेच. पशुवैद्यांकडे नेले तर तिथे तो अगदी शहाण्यासारखा उभा राहतो, रक्ताचा रिपोर्टही नॉर्मल येतो.

मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याचे निदान आणि उपचार पशुवैद्यांनीच करायचे. पण स्वतःचे बीपी तपासून झाले की अनेक रुग्ण हळूच विचारतात, "डॉक्टर, आमच्या कुत्र्याला अर्धी पेनकिलर दिली तर चालेल का?" त्या प्रश्नासाठी हा लेख.

आपली गोळी का नको?

नुसते वजन पाहा. आयबुप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची गोळी ६० किलोच्या माणसाला किलोमागे सात मिलिग्रॅमहून कमी पडते. ५ किलोच्या कुत्र्याला तीच गोळी किलोमागे ८० मिलिग्रॅम पडते. शिवाय कुत्र्याच्या शरीरातून हे औषध माणसाइतक्या सहज बाहेर पडत नाही. पोटात व्रण होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणजे अर्धी गोळीही सुरक्षित नाही. डायक्लोफिनॅकचेही तसेच. पॅरासिटामॉल आपल्याला साधे वाटते, पण जास्त झाले तर कुत्र्याच्या यकृतावर आणि रक्तपेशींवर परिणाम होतो. (घरात मांजर असेल तर तिच्यासाठी पॅरासिटामॉल त्याहून घातक, थोडेसेही जिवावर बेतते.) कंबरेला चोळायचे मलमही तितकेच वाईट, कारण कुत्रा ते चाटणारच. माणसांच्या काही सिरपमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते, तीही कुत्र्यांना विषारी आहे.

गोळी देऊन झाली असेल तर नाव, ताकद, किती आणि किती वाजता दिली हे लिहून लगेच पशुवैद्यांना फोन करा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. आधी दिलेली गोळी लपवू तर अजिबात नका; पशुवैद्यांनी त्यावर स्टेरॉइड किंवा दुसरे वेदनाशामक दिले तर धोका वाढतो.

रिपोर्ट नॉर्मल, मग दुखते काय?

रक्ताच्या तपासणीत वेदना मोजता येत नाही. लहान चणीच्या, विशेषतः लांब पाठीच्या आणि आखूड पायांच्या कुत्र्यांत पहिला संशय मानेच्या किंवा पाठीच्या मणक्यातली गादी सरकण्याचा घ्यावा. मान दुखत असेल तर तो डोके वर न करता नुसते डोळे वर करून बघतो, खाली ठेवलेले भांडे टाळतो. पाठ दुखत असेल तर पोट कडक लागते आणि घरच्यांना वाटते पोटातच दुखतेय. साध्या एक्स-रेमध्ये ही गादी दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो, तो प्राण्यांसाठी मोजक्याच शहरांत होतो आणि भूल द्यावी लागते. म्हणून पुष्कळदा पशुवैद्य आधी विश्रांती आणि औषध देऊन फरक पडतो का ते पाहतात. त्यात काही गैर नाही.

बाकी कारणेही असतात: किडलेला दात, गुडघ्याची वाटी सरकणे, कान, डोळा, मुतखडा, गुदद्वाराजवळच्या तुंबलेल्या ग्रंथी. तेलकट-तुपकट खाल्ल्यावर उलट्या आणि पोटदुखी झाली तर स्वादुपिंडाची सूजही असू शकते.

दवाखान्यात भीतीने कुत्रा दुखणे लपवतो. त्यामुळे निदानाचा अर्धा भाग तुमच्या मोबाइलमध्ये आहे. झटका आला की जवळ घेण्याआधी तीस सेकंद व्हिडिओ काढा. त्याआधी तो काय करत होता तेही लिहा: उडी मारली, मान वळवली, खात होता, शी करत होता की शांत झोपला होता. नाव घेतल्यावर तुमच्याकडे बघतो का, हे जरूर पाहा. वेदनेत तो तुम्हाला ओळखतो. शुद्ध हरपून पाय झाडत असेल, लघवी झाली असेल तर ती आकडी असू शकते. उपचार अगदी वेगळा.

निदान होईपर्यंत घरात

गळपट्टा काढून छातीचा पट्टा लावा. उचलताना पुढच्या पायांना धरून ओढू नका. एक हात छातीखाली, एक मागच्या भागाखाली, पाठ आडवी. गुळगुळीत फरशीवर चटई किंवा जुनी सतरंजी अंथरा. सोफा, पलंग, जिना बंद.

सगळ्यात अवघड आहे ती विश्रांती. औषधाने दोन दिवसांत बरे वाटते, कुत्रा सोफ्यावर उडी मारतो आणि अर्धी सरकलेली गादी पुरती सरकते. गादीचा संशय असेल तर पशुवैद्य साधारण चार ते सहा आठवडे छोट्या जागेत ठेवायला सांगतात. तो केविलवाणा बघेल. तरी आठवडे पुरे करा.

मागचे पाय लटपटले किंवा ओढत चालू लागला, लघवी अडली, पोट फुगले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, धाप लागली, वारंवार उलट्या झाल्या किंवा डोळा लाल-धूसर झाला, तर सकाळची वाट पाहू नका. पाय गेल्यावर तासांनाही किंमत असते.

आणि हे माझ्या कामातले: वेदनेत असलेला सर्वांत प्रेमळ कुत्राही चावतो. तोंडाजवळ चेहरा नेऊ नका, मुलांना लांब ठेवा. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरचा आहे, लस दिलेली आहे म्हणून हळद भरून बसू नका. रेबीज आणि धनुर्वाताच्या लसीचा निर्णय जखम पाहून, तुमची आणि कुत्र्याची लसीकरणाची कार्डे पाहून होतो. दोन्ही कार्डे सोबत आणा.

"त्याला फार त्रास होतोय का, आता सोडून द्यावे का?" हा प्रश्न झटक्याच्या रात्री सोडवू नका. कॅलेंडरवर रोज एक खूण करा: आज जेवला का, दाराशी आला का, सलग झोपला का. महिन्याभराच्या त्या खुणा पशुवैद्यांसमोर ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून बोला.