वामकुक्षी : आळस नव्हे, उन्हाळ्याचे शहाणपण

चैत्र सरला, वैशाख लागला की गावाची दुपार ओस पडते. बारा वाजून गेले की पारावर माणूस नाही, रस्त्यावर कुत्रे नाही. एसटीतून उतरलेला परगावचा माणूस म्हणतो, "गाव झोपलंय का काय?" झोपलंयच. आणि झोपलंय ते बरंच आहे, असे सांगण्यासाठी हा लेख.

नोकरीच्या सुरुवातीला माझेही मत वेगळे होते. एका गावात बीजप्रक्रियेची सभा मी दुपारी दोनला ठेवली. चावडीवर मी, शिपाई आणि दोन पोरं. चिडून एका शेतकऱ्याच्या वस्तीवर गेलो, तर गडी लिंबाखाली घोंगडी टाकून डाराडूर. मी जरा लागेल असेच बोललो. म्हातारा उठून बसला, तोंडावर पाणी मारले आणि म्हणाला, "साहेब, लाईट रात्री दहाला आली. पहाटेपर्यंत दारं धरली, मग धार काढली, मग डेअरीला गेलो. तुमची रात्र झाली, माझी आत्ता चाललीय." पुढे काही बोलायला मला तोंड राहिले नाही. त्या दिवसापासून सभा सकाळी आठला नाहीतर संध्याकाळी सहानंतर.

शब्द एक, गावे अनेक

आपण 'वामकुक्षी' म्हणतो. वाम म्हणजे डावा आणि कुक्षी म्हणजे कूस. जेवण झाले, शतपावली झाली की डाव्या कुशीवर थोडे लवंडायचे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे शब्दातच कसे निजायचे ते सांगून ठेवले आहे. पण हा शब्द पोथीतला. रानात कोणी 'वामकुक्षी घेतो' म्हणत नाही. तिथे पाठ टेकतात, जरा कलंडतात, आडवे होतात, डुलकी काढतात. लांबली तर 'ताणून दिली' म्हणतात. एवढ्या एका गोष्टीला इतके शब्द आहेत, म्हणजे ती आपल्या जगण्यात किती मुरलेली आहे ते कळावे.

स्पेनमध्ये दुपारच्या झोपेला 'सिएस्ता' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील 'होरा सेक्स्ता', म्हणजे सहावा तास, यावरून आला. रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचे बारा तास मोजत. त्यातला सहावा तास म्हणजे मध्यान्ह. आता आपला 'दुपार' हा शब्द घ्या. तो 'द्विप्रहर' पासून आला. दिवसाचे प्रहर चार, त्यातले दोन सरले की दुपार. तिकडे सहा तास, इकडे दोन प्रहर; हिशेब एकच. फरक इतकाच, की त्यांनी त्या वेळेचे नाव झोपेलाच देऊन टाकले.

पोर्तुगीजांचा शब्द 'सेश्ता'. गोव्यात १९६१ पर्यंत त्यांचा अंमल होता. दुपारी दुकानाची फळी लावून घरी जायची तिथली रीत आजही पुष्कळ ठिकाणी दिसते. गोव्याचा 'सुशेगाद' हा शब्दही पोर्तुगीज 'सोसेगादो' वरून आला. त्याचा मूळ अर्थ शांत, निवांत. आळशी असा नव्हे. पुण्याच्या पेठांतल्या 'एक ते चार बंद' या पाटीवर आपण इतकी वर्षे विनोद करतो, पण ती त्याच कुळातली.

बंगाली माणूस 'भातघुम' म्हणतो, म्हणजे भात खाल्ल्यावर येणारी झोप. कोकणातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. अरबीत 'कैलूला' हा शब्द आहे. इस्लामी परंपरेत या दुपारच्या विश्रांतीला चांगले मानले आहे आणि शब्द उर्दूतही आला. दक्षिण इटलीत या वेळेला 'कोन्त्रोरा' म्हणतात. जपानीत 'हिरुने' म्हणजे दिवसाची नीज. चीनमध्येही शाळा-कचेऱ्यांतून दुपारी जेवणानंतर डोळा लावण्याची सवय आहे. जिथे ऊन आहे, शेती आहे, पहाटे उठणे आहे, तिथे तिथे हा शब्द सापडतोच.

आयुर्वेद काय म्हणतो

दुपारची झोप सरसकट चांगली, असे आपल्या जुन्या वैद्यांनीही म्हटलेले नाही. आज 'दिवास्वप्न' म्हणजे मनातले मांडे; आयुर्वेदात मात्र त्याचा अर्थ दिवसा झोपणे. चरकसंहितेत ते एरवी टाळावे असे सांगून ग्रीष्म ऋतूत मात्र मोकळीक दिली आहे. कारणही दिले आहे, की या दिवसांत रात्र लहान असते आणि शरीर कोरडे पडते. म्हातारे, मुले, आजारी आणि कष्टाने थकलेले यांनाही सवलत आहे. शेतकरी या शेवटच्या यादीत बसतो, हे वेगळे सांगायला नको.

आजचे शास्त्रही फार लांब नाही. दुपारी एक ते तीनच्या सुमारास येणारी पेंग केवळ जेवणाने येत नाही, शरीराच्या अंतर्गत घड्याळातच तो उतार असतो. अमेरिकेतील 'नासा' या संस्थेच्या अभ्यासात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना मधे सरासरी २६ मिनिटे झोप मिळाली, तेव्हा त्यांची सावधता सुधारलेली आढळली. वीस ते तीस मिनिटे पुरतात. त्याहून लांबली की उठल्यावर अंग जड होते आणि रात्रीची झोप मोडते. रात्रभर दारं धरलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याची ती डुलकी नव्हे, राहिलेली रात्र आहे. त्याने जास्त झोपले तर कोणी नावे ठेवू नयेत.

पीकही थांबते, बैलही थांबतो

दुपारी मक्याच्या नाहीतर ज्वारीच्या रानात उभे राहून पाहा. पाण्याचा ताण असेल तर पाने सुरळी करून उभी असतात. सोयाबीनची पाने उलटी होऊन मागची फिकट बाजू दाखवतात. कडक उन्हात पानांवरील बारीक छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, आवळली जातात. बाहेर जाणारे पाणी वाचते आणि अन्न तयार करण्याचे काम तेवढा वेळ मंदावते. ऊन कलले, रानात ओल असली, की पाने पुन्हा पसरतात. पिकाने घेतलेली ती वामकुक्षीच.

बैलाचे तसेच. औत सोडले की तो सावलीला बसतो आणि रवंथ करतो. सकाळी खाल्लेले त्याच वेळी अंगी लागते. आपल्या वाडवडिलांनी बारा वाजता औत सोडण्याची रीत उगाच पाडली नाही. पुढे ती कायद्यातही आली. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तिथे दुपारी बारा ते तीन त्याला कामाला जुंपता येत नाही.

म्हणजे बैलाची दुपार कायद्याने राखली. मग बैलामागच्या माणसाची?

माणसाची दुपार कोण राखणार?

आखाती देशांत कोकणातली आणि इतर भागांतली आपली पुष्कळ माणसे कामाला आहेत. तिथे संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवावे लागते. केरळातही कडक उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उन्हातल्या मजुरांना सुट्टी देण्याचे आदेश कामगार खाते काढत आले आहे. आपल्याकडे २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांतीची वेळ आणि प्रथमोपचार पेटी यांची तरतूद घातली गेली. पण ही सावली कागदावर पडून भागत नाही. ती मजुराच्या डोक्यावर पडायला हवी.

उष्मा किती घात करतो हे आपण पाहिले आहे. एप्रिल २०२३ मध्ये खारघर येथे भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर चौदा जणांना जीव गमवावा लागला. ते तर नुसते बसलेले होते. खुरपणारी बाई आणि खड्डा खोदणारा मजूर यांचे काय होत असेल?

फवारणीचेही तेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याला कारणे अनेक होती. पण एक गोष्ट प्रत्येक फवारणीवाल्याला ठाऊक आहे. उकाड्यात तोंडाचा रुमाल आणि अंगातला सदरा नकोसा होतो, आणि घामेजल्या उघड्या कातडीतून विष अंगात जाते. म्हणून फवारणी सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर, वारा शांत पाहूनच करावी. भर दुपारी पंप पाठीवर घेऊ नये, कोणाच्या पाठीवर देऊही नये.

घरधनिणीची डुलकी

एक गोष्ट राहून जाते. घरधनी लिंबाखाली कलंडतो तेव्हा घरातली बाई भांडी घासत असते, धान्य निवडत असते, शेरडाला पाणी दाखवत असते. सकाळी सगळ्यांआधी ती उठलेली, खुरपणीला तीच गेलेली. 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण खरी तिच्यासाठीच असावी. वामकुक्षी हे शहाणपण असेल तर ते घरातल्या सगळ्यांसाठी असावे. भांडी तासभर पडली म्हणून काही बिघडत नाही.

एवढे करता येईल

उन्हाळ्यापुरती कामाची घडी बदलावी. सकाळी सहा ते साडेदहा-अकरा आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत. आपल्या भागात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या आसपास, पण हवा सर्वात तापते ती दोन ते चारच्या दरम्यान. तेव्हा तीनला उठून लगेच उन्हात जाण्याची घाई नको.

ग्रामपंचायतीचे अधिकारी, रोजगार सेवक आणि मुकादम यांनी कामाच्या जागी सावलीचा मांडव आणि पाण्याचा माठ पहिल्या दिवशीच करून घ्यावा. ग्रामसभा, शिबिरे, पंचनामे दुपारी ठेवू नयेत. यात आमचे खातेही आले, हे मी आधीच कबूल केले आहे.

उन्हात कोणी बरळू लागला, चक्कर येऊन पडला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

आणि रात्रीच्या लाईटवर पाणी देणाऱ्याला दुपारी कोणी उठवू नये. साहेब आला तरी उठवू नये. साहेबाने पारावर बसून थोडी वाट पाहावी. लिंबाची सावली त्यालाही पुरते.