‘लिहिलं’ म्हणजे कुठे लिहिलं?

कार्यालयांतले बहुतेक सर्व्हर एव्हाना व्हर्च्युअल मशीनवर गेले आहेत. मेल गेला, वेबसाइट गेली, हजेरीची प्रणालीही गेली. डेटाबेस मात्र अजून पुष्कळ ठिकाणी स्वतःच्या स्वतंत्र यंत्रावर ठाण मांडून बसलेला असतो, आणि त्याला हलवायचं नाव काढलं की डीबीएच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या, कपाळाला आठ्या पडतात. ‘व्हर्च्युअल केला की डेटाबेस मंदावतो’ हे उत्तर ठरलेलं. एके काळी ते खरं होतं. आज ते शिळं झालं आहे, आणि शिळ्या भीतीचा तोटा असा की ती खऱ्या धोक्याकडे बघू देत नाही. डेटाबेसने ‘व्यवहार नोंदवला’ म्हणून सांगितल्यावर ती नोंद नक्की कुठे जाऊन पडली आहे, हे व्हर्च्युअल मशीनवर चटकन कळत नाही. काळजी करायची तर ती याची.

आधी जुन्या भीतीचं मूळ पाहू. हायपरव्हायझर नावाची प्रणाली एका खऱ्या यंत्राचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क अनेकांत वाटून देते, आणि प्रत्येक पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टीमला सगळं यंत्र आपलंच वाटतं. आयबीएमने मोठ्या संगणकांवर हे १९६०च्या दशकातच करून दाखवलं होतं. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी त्याची अट नेमकी मांडली : यंत्राच्या स्थितीला हात लावणारी कोणतीही सूचना पाहुण्याने चालवायला घेतली, की प्रोसेसरने तिथेच थांबून ताबा हायपरव्हायझरकडे दिला पाहिजे. घरोघरी पोहोचलेले इंटेलचे एक्स८६ प्रोसेसर या कसोटीत नापास होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेन्टियममध्ये ही अट मोडणाऱ्या १७ सूचना निघाल्या. त्यांतली ‘पॉपएफ’ तर, अधिकार नसताना चालवली, तर तक्रार न करता काम अर्धवट सोडून पुढे जाते. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये यावर तोड काढली ती अशा सूचना चालता चालता हुडकून बदलण्याची. त्यामुळे साधी आकडेमोड जवळजवळ पूर्ण वेगाने होई, पण ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात शिरायचं म्हटलं की दंड बसे. डेटाबेसची तिथे सतत ये-जा असते : डिस्कवरून वाच, नेटवर्कवर पाठव, कुलूप घाल, कुलूप काढ. तेव्हाच्या डीबीएंचा अनुभव खोटा नव्हता.

पुढे प्रोसेसरच बदलले. २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने ही उणीव चिपमध्येच भरून काढली. मेमरीचा तिढा सुटायला आणखी दोन-तीन वर्षं गेली. प्रोग्रामने मागितलेला पत्ता मेमरीच्या खऱ्या पत्त्यात बदलायला ६४ बिटी प्रोसेसरला सहसा चार टप्प्यांचे तक्ते चाळावे लागतात. पाहुण्याचे आणि खालच्या यंत्राचे असे दोन्ही तक्ते चाळायचे झाले, तर एका पत्त्यासाठी मेमरीत २४ पर्यंत खेपा होऊ शकतात. आकडा घाबरवणारा आहे खरा, पण प्रोसेसर नुकतेच सापडलेले पत्ते जवळ जपून ठेवतो, म्हणून ही पाळी रोज येत नाही. ती आणखी कमी करणं डीबीएच्या हातात असतं. ६४ जीबीची डेटाबेस कॅश ४ केबीच्या पानांत विभागली तर सुमारे १ कोटी ६८ लाख पानं होतात. २ एमबीच्या मोठ्या पानांत विभागली तर फक्त ३२,७६८. एवढे पत्ते सांभाळणं प्रोसेसरला कितीतरी सोपं.

तरीही मंदावल्याच्या तक्रारी येतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा कंजूषपणातून जन्मतात. पाहुण्यांना कबूल केलेली मेमरी खऱ्या मेमरीपेक्षा जास्त झाली, की हायपरव्हायझर प्रत्येक पाहुण्याच्या आत एक ‘बलून’ फुगवतो आणि त्याच्याकडून मेमरी काढून घेतो. वेबसर्व्हरला हे खपून जातं. डेटाबेसने मात्र मिळालेली सगळी मेमरी कॅश म्हणून वापरात आणलेली असते. तिच्यातला भाग डिस्कवर ढकलला गेला, की जे पान हाताशी आहे असं डेटाबेस समजतो, ते प्रत्यक्षात डिस्कवरून आणावं लागतं. उपाय एकच, डेटाबेसची मेमरी पूर्ण राखून ठेवायची. मग बचत ती काय राहिली, असं कुणी विचारील. बचत प्रोसेसरची आणि विजेची. लुइझ बारोसो आणि उर्स हॉल्झले यांनी २००७ साली गूगलच्या हजारो सर्व्हरांची मोजमापं मांडली, तेव्हा ते बहुतेक वेळ १० ते ५० टक्के क्षमतेवरच चालत असल्याचं दिसलं. शिवाय रिकामा बसलेला सर्व्हरही भर कामाच्या वेळेच्या जवळपास निम्मी वीज खातो. मार्चअखेरची गर्दी डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला आपल्याकडचा डेटाबेस सर्व्हर याहून जास्त राबत असेल, असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

आता खरा धोका. डेटाबेस प्रत्येक व्यवहार आधी लॉगमध्ये लिहितो, तो कायमच्या साठ्यावर उतरला अशी पोच डिस्ककडून घेतो आणि मगच ‘झालं’ म्हणतो. वीज गेली तरी खात्यातले पैसे गायब होत नाहीत, ते या एका पोचेमुळे. स्वतंत्र यंत्रावर ही पोच देणारे थर थोडे असतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये आभासी डिस्क, हायपरव्हायझरची कॅश, खालची फाइल सिस्टीम आणि दूरचं स्टोरेज अशी रांग लागते, आणि त्यातल्या एकानेही मेमरीत घेतल्या घेतल्या ‘लिहिलं’ म्हटलं तरी वर कुणाला पत्ता लागत नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमध्ये तर अशी पोच बेलाशक खोटी देणारी सेटिंग आहे. तिचं नावच ‘अनसेफ’. शंका आली तर साधं गणित करता येतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, त्यामुळे एका जोडणीवरून एकामागून एक केलेले कमिट सेकंदाला साधारण १२०च्या पुढे जाऊ नयेत. ते हजारांत जात असतील आणि मध्ये बॅटरीवरची कॅश किंवा एसएसडी नसेल, तर कुणीतरी थाप मारतंय. अशा थापा स्वतंत्र यंत्रावरही चालतात, हा आक्षेप रास्त आहे. लिनक्स लिहिण्यातली चूक एकदाच कळवतं आणि पुन्हा विचारल्यावर ‘ठीक’ म्हणतं, हे पोस्टग्रेस हा डेटाबेस बनवणाऱ्यांच्या २०१८ मध्ये ध्यानात आलं, आणि त्याचा व्हर्च्युअल मशीनशी संबंध नव्हता. पण थर वाढले की थापेच्या जागाही वाढतात.

प्रत्यक्ष हलवण्याच्या कामातही हाच प्रश्न पुढे येतो. चालू सर्व्हरच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करणारी साधनं मिळतात, पण चालत्या डेटाबेसच्या फाइली एका टोकाकडून कॉपी करत जाणं म्हणजे भर जत्रेत डोकी मोजत फिरणं. कुणी दोनदा मोजलं जातं, कुणी सुटतं. त्यापेक्षा नव्या व्हर्च्युअल मशीनवर स्टॅण्डबाय डेटाबेस उभा करावा, मूळ सर्व्हरचा लॉग त्याला अखंड पुरवावा, आणि दोघे बरोबरीला आले की काही मिनिटांसाठी व्यवहार थांबवून सूत्रं नव्याकडे द्यावीत. जुना सर्व्हर काही दिवस तसाच ठेवता येतो. यातही एक छुपी अडचण आहे. नवं मशीन म्हणून नवी लिनक्स आवृत्ती घेतली जाते, आणि लिनक्सची मूळ लायब्ररी असलेल्या ग्लिबसीच्या २०१८ च्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. आधी ‘11’ नंतर ‘1-1’ येई, आता उलट. जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स नव्या नियमाने शोधला, की असलेली नोंद ‘नाही’ म्हणून सांगितली जाते. असे इंडेक्स पुन्हा बांधल्याशिवाय सूत्रं सोपवू नयेत.

सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्याचा आक्षेप उरतो. मूळ आणि स्टॅण्डबाय कधीही एकाच यंत्रावर येणार नाहीत असा नियम हायपरव्हायझरला घालून देता येतो, इतकंच त्याचं उत्तर. पैशांचा आक्षेप अधिक टोकदार आहे. ओरॅकलचं धोरण व्हीएमवेअरने केलेली वाटणी मान्य करत नाही आणि खालच्या खऱ्या कोअरचा हिशेब मागतं, त्यामुळे चार कोअरचा डेटाबेस मोठ्या क्लस्टरवर नेला तर लायसन्सचं बिल विजेची बचत सहज गिळून टाकील. अशा ठिकाणी जुनं यंत्र राखणं हाच शहाणपणा, आणि त्याचा वेगाशी काही संबंध नाही. बाकीच्यांनी निघण्याआधी एक चाचणी जरूर करावी. नव्या मशीनवर चढत्या क्रमांकाच्या नोंदी लिहीत राहायच्या, पोच मिळालेला प्रत्येक क्रमांक दुसऱ्या यंत्रावर टिपायचा, आणि मध्येच खालच्या खऱ्या यंत्राची वायर उपटायची. पुन्हा चालू झाल्यावर टिपलेल्यांतला एक जरी क्रमांक डेटाबेसमध्ये नसला, तर स्थलांतराची तारीख पुढे ढकलून आधी तो थर शोधावा.