ईमेलचा ढीग आणि कामाचा वेळ: रांग, व्यत्यय आणि सहा गठ्ठे

या टिपणात काय आहे

रोज येणाऱ्या ईमेलचा ढीग का साचतो, तो वाढत का जातो आणि तो आटोक्यात ठेवून मुख्य कामाला वेळ कसा काढायचा, हे आपण या टिपणात पाहणार आहोत. त्यासाठी तीन गोष्टींची मदत घेऊ: रांगेचे गणित, संगणकातील व्यत्ययाची कल्पना आणि महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांमधली सहा गठ्ठे पद्धत. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला हे समजेल. गुणाकार आणि भागाकार एवढेच गणित लागेल.

१. एक प्रसंग

माझा एक विद्यार्थी एका कंपनीच्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाला. पुढच्या फेरीसाठी कागदपत्रे ४८ तासांत पाठवा, असा मेल त्याला आला. त्याने तो पाठवला पाचव्या दिवशी. तोपर्यंत जागा गेली होती.

तुम्हाला वाटेल, त्याने मेल वाचलाच नसेल. पण तसे नव्हते. मेल आला त्याच दिवशी बसमध्ये उभ्या उभ्या त्याने तो फोनवर वाचला होता. "संध्याकाळी खोलीवर गेल्यावर पाठवू" असे ठरवून फोन खिशात ठेवला. संध्याकाळपर्यंत तीसेक नवे मेल वर येऊन बसले. आणि हा मेल 'वाचलेला' असल्यामुळे ठळक अक्षरांतही दिसत नव्हता. मुलगा आळशी नव्हता. दिवसातून पन्नास वेळा तो मेल बघत होता. त्याच्याकडे नव्हती ती फक्त एक गोष्ट: वाचलेल्या मेलचे पुढे काय करायचे, याची ठरलेली रीत.

न वाचलेल्या मेलपेक्षा वाचून तसाच सोडलेला मेल जास्त धोक्याचा असतो. या टिपणाचा सगळा भर याच एका मुद्द्यावर आहे.

२. ढीग का साचतो

भारतात ईमेलची सुरुवात शिक्षणसंस्थांमधून झाली. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात मुंबईची एनसीएसटी ही संस्था, पाच आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था सहभागी होत्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. त्या काळी फोनची तार जोडून, मिनिटांचे पैसे मोजून मेल पाठवावा लागे. साहजिकच लोक मोजकेच लिहीत.

आज मेल पाठवणाऱ्याला काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो वाचणाऱ्याला, आणि तो वेळेचा असतो. एक साधे उदाहरण घ्या. शिक्षकाने ६० जणांच्या वर्गाला एक सूचना पाठवली. प्रत्येकाने 'सर्वांना उत्तर' हे बटण दाबून "धन्यवाद सर" लिहिले. प्रत्येक उत्तर उरलेल्या ५९ जणांना आणि शिक्षकाला, म्हणजे ६० जणांना पोहोचते. एकूण ६० × ६० = ३,६०० मेल झाले. एक मेल उघडून बंद करायला पाच सेकंद धरले, तरी सगळ्यांचे मिळून पाच तास गेले. लिहिणाऱ्याचे मात्र दोनच सेकंद गेले!

बंगळुरूत नोकरी करायची असेल तर आणखी एक कारण लक्षात ठेवा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये येथे केंद्र उघडले तेव्हापासून या शहराचे बरेचसे काम परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर चालते. हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. कॅलिफोर्नियात नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. त्यांचा कामाचा दिवस म्हणजे आपली रात्र. सकाळी तुम्ही संगणक सुरू करता तेव्हा आठ तासांचे मेल तुमची वाट पाहत असतात.

३. रांगेचा हिशोब

तुमची इनबॉक्स ही एक रांग आहे. रेशन दुकानापुढची रांग असते तशीच. रांगेचा एक साधा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला:

रांगेतील सरासरी संख्या = आवक दर × सरासरी मुक्काम

समजा, काही कृती करावी लागेल असे ३० मेल तुम्हाला रोज येतात आणि प्रत्येक मेल सरासरी ४ दिवस पडून राहतो. तर ३० × ४ = १२० मेल तुमच्यापुढे कायम असतील. मुक्काम एका दिवसावर आणला तर ३०च राहतील. म्हणजे ढीग कमी करायचे मार्ग दोनच: आवक कमी करा किंवा मुक्काम कमी करा.

"मग मी भराभर उत्तरे देतो" असे कोणी म्हणेल. त्यात एक अडचण आहे. लगेच दिलेल्या उत्तराला लगेच प्रत्युत्तर येते. म्हणजे वेग वाढवला की आवकही थोडी वाढते.

आता आवक थोडी कमी केली तर काय होते ते पाहू. मेल केव्हाही येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असतो, असे मानणाऱ्या सर्वांत साध्या रांगेत पुढील सूत्र लागू पडते:

सरासरी मुक्काम = १ ÷ (निपटारा दर − आवक दर)

तुम्ही तासाला १० मेल निपटू शकता असे धरा.

- आवक तासाला ८ असेल, तर मुक्काम १ ÷ २ तास, म्हणजे ३० मिनिटे.
- आवक ९ असेल, तर १ तास.
- आवक ९.५ असेल, तर २ तास.

आवक ८ वरून ९.५ झाली, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी वाढली, पण मुक्काम चौपट झाला. आवक १० च्या जवळ गेली की मुक्काम बेसुमार वाढतो. याची दुसरी बाजू आनंदाची आहे: तुम्ही काठोकाठ भरलेले असाल, तर थोडेसे अनावश्यक मेल थांबवल्यानेही मोठा आराम मिळतो.

४. व्यत्यय की ठरावीक वेळ?

ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना तुम्ही दोन पद्धती वाचल्या असतील. पहिली व्यत्ययाची, म्हणजे इंटरप्टची. उपकरणाने इशारा दिला की प्रोसेसर हातातले काम थांबवून तिकडे धावतो. दुसरी पोलिंगची. प्रोसेसर ठरावीक वेळाने स्वतःच जाऊन पाहतो की काही आले आहे का.

काम तुरळक असते तेव्हा इंटरप्ट उत्तम. पण नेटवर्कवरून पॅकेट फार वेगाने येऊ लागली तर काय होते? जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये यावर एक निबंध मांडला. रामकृष्णन हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी. त्यांनी दाखवले की आवक एका मर्यादेपलीकडे गेली की यंत्राचा सगळा वेळ इशारे स्वीकारण्यातच जातो. यंत्र अखंड राबत असते, पण एकही पॅकेट पुढे पोहोचत नाही. या अवस्थेला 'रिसीव्ह लाइव्हलॉक' म्हणतात.

दिवसभर मेल बघून संध्याकाळी "आज काहीच झाले नाही" असे वाटते, तेव्हा तुमची अवस्था नेमकी हीच असते.

त्यांनी सुचवलेले उपाय आपल्यालाही लागू पडतात:

१. भार वाढला की इंटरप्ट बंद करा आणि पोलिंग सुरू करा. म्हणजे फोनवरची मेलची घंटी बंद करून दिवसातून ठरावीक वेळा मेल पाहा.
२. प्रत्येक फेरीला मर्यादा ठेवा. मेलसाठी ३० मिनिटे ठरवली असतील, तर ३० मिनिटांनी उठा.
३. टाकायचेच असेल ते लवकर टाका. वाचून, विचार करून मग टाकण्यापेक्षा फिल्टर लावून आधीच बाजूला करा.

माणसांवरही असा प्रयोग झाला आहे. कोस्तादिन कुश्लेव आणि एलिझाबेथ डन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल पाहायला सांगितले आणि दुसरा आठवडा हवे तितक्या वेळा. तीनदा पाहण्याच्या आठवड्यात लोकांना रोजचा ताण कमी जाणवला.

मात्र हा नियम आंधळेपणाने पाळू नका. मुलाखतींच्या हंगामात किंवा ग्राहकाची यंत्रणा बंद पडली असताना 'मी अकरा वाजताच मेल पाहतो' असे म्हणून चालणार नाही. अशा वेळी निवडक पत्त्यांसाठीच घंटी चालू ठेवा. ही सोय बहुतेक मेल ॲपमध्ये असते.

५. सहा गठ्ठे

आता मूळ प्रश्न: वाचलेल्या मेलचे करायचे काय? याचे उत्तर संगणकाच्याही आधीपासून महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांकडे आहे. तेथे लिपिकाने आपल्या टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायचे असतात. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीची घडी नव्याने बसवली. 'लखिना पॅटर्न' या नावाने ती राज्यभर गाजली आणि अशा शिस्तीचे महत्त्व पुन्हा सर्वांच्या लक्षात आले.

ते सहा गठ्ठे आणि त्यांचे मेलमधले रूप असे:

१. प्रलंबित प्रकरणे: ज्यावर मला काही करायचे आहे. 'करायचे' असे लेबल लावा.
२. प्रतीक्षाधीन प्रकरणे: माझे काम झाले, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे. 'वाट पाहणे' असे लेबल.
३. नियतकालिके: ठरावीक तारखेला करावयाची कामे. उदाहरणार्थ, दर महिन्याचा प्रकल्प अहवाल, फी भरणे. हे मेलमध्ये ठेवू नका. तारीख कॅलेंडरमध्ये टाका.
४. स्थायी आदेश: पुन्हा पुन्हा पाहावे लागणारे नियम. वसतिगृहाचे नियम, परीक्षेचे परिपत्रक. 'संदर्भ' असे लेबल.
५. अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे: काम संपले, पण पुरावा म्हणून ठेवायचे. 'अर्काइव्ह' हे बटण यासाठीच आहे. मेल पुसला जात नाही, शोधल्यावर सापडतो.
६. नष्ट करायचे कागद: जाहिराती, संपलेल्या कार्यक्रमांची निमंत्रणे. पुसून टाका.

नियम एकच: मेल उघडला की बंद करण्यापूर्वी तो या सहापैकी एका ठिकाणी गेलाच पाहिजे. दोन मिनिटांत होणारे काम असेल तर तेव्हाच करून पाचव्या गठ्ठ्यात टाका. हा निर्णय घ्यायला वेळ नसेल, बसमध्ये उभे असाल, तर मेल उघडूच नका. उघडलाच तर निदान 'न वाचलेला' अशी खूण परत करा.

कचेरीत प्रलंबित प्रकरणांचा दर आठवड्याला गोषवारा काढतात. तुम्हीही शुक्रवारी दुपारी १५ मिनिटे पहिला आणि दुसरा गठ्ठा चाळा. किती उरले, सर्वांत जुने कोणते, कोणाला आठवण करायची, एवढेच पाहा. गोषवारा नसेल तर गठ्ठे ही फक्त नीटनेटकी अडगळ होते.

आता त्या विद्यार्थ्याकडे परत जाऊ. बसमध्ये त्याने अंगठ्याने एकच लेबल लावले असते आणि ४८ तासांची मुदत कॅलेंडरमध्ये टाकली असती, तर संध्याकाळी त्याला तीस मेलमध्ये शोधावे लागले नसते. 'करायचे' या गठ्ठ्यात त्या दिवशी कदाचित तीनच मेल असते.

६. आवक कमी करणे

तुम्ही पाठवलेल्या मेलमुळेही तुमची आवक वाढते. म्हणून लिहिताना काळजी घ्या.

"सर, प्रकल्पाबद्दल बोलायचे होते, कधी भेटू?" असा मेल आला की मी विचारतो, "कशाबद्दल?" मग तुम्ही सांगता. मग मी वेळ सांगतो, ती तुम्हाला जमत नाही. सहा मेल होतात. त्याऐवजी असे लिहा:

*विषय: गट ७, प्रकल्प अहवाल, शुक्रवारपर्यंत मंजुरी हवी*
*सर, अहवालाचा मसुदा सोबत जोडला आहे. प्रकरण ३ मधील आलेख योग्य आहे का, एवढेच विचारायचे आहे. गुरुवारी ११ वाजता किंवा शुक्रवारी ३ वाजता आम्ही येऊ शकतो. यांपैकी आपल्याला सोयीची वेळ कळवावी.*

याला एका ओळीचे उत्तर पुरते. विषयात काम आणि मुदत, मजकुरात एकच प्रश्न, आणि निवडीला दोन पर्याय. शिवाय 'सर्वांना उत्तर' दाबण्यापूर्वी स्वतःला विचारा: बाकीच्यांना याचा उपयोग आहे का?

सारांश

- ढीग हा आवक आणि मुक्काम यांचा गुणाकार आहे. नुसत्या वेगाने तो कमी होत नाही.
- भार जास्त असेल तेव्हा घंटीवर धावू नका. ठरावीक वेळी आणि ठरावीक मर्यादेत मेल पाहा.
- उघडलेला प्रत्येक मेल सहापैकी एका गठ्ठ्यात गेला पाहिजे. आठवड्याला गोषवारा काढा.
- एका मेलमध्ये काम संपेल असे लिहा.

स्वाध्याय

१. तुमच्याकडे कृती करावी लागेल असे ७५ मेल कायम पडून असतात आणि रोज असे २५ येतात. एका मेलचा सरासरी मुक्काम किती?
२. निपटारा दर तासाला १२ आहे. आवक ११ वरून १० केली तर सरासरी मुक्काम किती मिनिटांनी कमी होईल?
३. तुमच्या इनबॉक्समधले शेवटचे २० मेल घ्या आणि सहा गठ्ठ्यांत वाटा. वाचून तसेच सोडलेले किती निघाले? त्यांपैकी एखाद्याची मुदत आज तर नाही ना, हे आधी पाहा.

(उत्तरे: १. ३ दिवस. २. ६० मिनिटांवरून ३० मिनिटे, म्हणजे ३० मिनिटांनी.)