राखेची वीट: पण कोणत्या राखेची?

लोणीला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, साखर कारखान्यांचाच जिल्हा झाला. त्यामुळे इथं कुणी ‘राख’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बॉयलरची काळी राख. ‘राखेच्या विटां’बद्दलचा सर्वांत मोठा गैरसमजही त्यातूनच आला आहे: दुकानात मिळणारी करडी वीट याच राखेची असते.

ती असते दगडी कोळशाच्या राखेची. अशी राख देणारी मोठी औष्णिक केंद्रं उत्तरेच्या तालुक्यांना जवळ म्हणजे नाशिकजवळचं एकलहरे, दक्षिणेकडच्यांना परळी. तिथं कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. प्रचंड उष्णतेत त्यातली माती वितळते आणि धुरासोबत वर जाताना तिचे काचेसारखे बारीक गोल कण होतात. चुन्याशी संयोग पावून घट्ट होण्याचा गुण या काचेत असतो.

कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतं ते बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेलं उसाचं चिपाड. त्याची गोष्ट निराळी. टनभर उसामागे साधारण 280 ते 300 किलो बगॅस निघतं आणि त्यात निम्मं पाणीच असतं. ते जळतं, पण सगळं सारखं जळत नाही. मूठभर बगॅसची राख पाण्याच्या ग्लासात टाकून पाहा. काळे, तंतूंसारखे तुकडे वर तरंगतात. तो अर्धवट जळलेला कोळसा. तो पाणी शोषतो, आणि अशी राख जशीच्या तशी मिसळली तर माल कमजोर होतो. म्हणून ती निरुपयोगी ठरते का? मुळीच नाही. या राखेत सिलिका भरपूर असते. आयआयटी मद्रासमधल्या संशोधनात 300 मायक्रॉनच्या चाळणीनं हे तंतू वेगळे केले, उरलेली राख सिमेंटइतकी बारीक दळली, आणि ती सिमेंटमध्ये उत्तम काम करते असं दिसलं. चाळायचं आणि दळायचं, एवढीच मधली पायरी. तरीही 2000 सालच्या ‘आयएस 456’ या काँक्रीटच्या मानकात तांदळाच्या तुसाच्या राखेचा उल्लेख आहे, बगॅसच्या राखेचा नाही. ऊस पिकवणाऱ्या राज्याला हे खटकायला हवं.

‘राखेची वीट ठिसूळ, पावसात विरघळते’ असंही सर्रास ऐकू येतं. ही वीट भाजत नाहीत. राख, क्रश सँड आणि चुना-जिप्सम किंवा सिमेंट यांचं मिश्रण यंत्रात दाबतात आणि मग दोन-तीन आठवडे तिला पाणी मारतात. ताकद येते ती या पाण्यामुळे, हळूहळू. घाईत चौथ्या-पाचव्या दिवशी ट्रक भरला तर कडा तुटणारच. तो दोष राखेचा नव्हे, घाईचा. ‘आयएस 12894’ या मानकात चुना-राखेच्या विटेचे ताकदीनुसार वर्ग ठरलेले आहेत आणि 12.5 पर्यंतच्या वर्गाच्या विटेनं वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी शोषता कामा नये, असं बंधन आहे. विटा घेताना चाचणीचा अहवाल मागा.

पीपीसी म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटला तर ‘भेसळीचं’ म्हणणारेही भेटतात. त्यात 15 ते 35 टक्के कोळशाची राख असते ती मानकानुसारच. अमेरिकेतलं हंग्री हॉर्स धरण 1953 मध्ये राख घातलेल्या काँक्रीटचंच बांधलं गेलं. फरक पडतो तो पाण्यात: साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारायचं, तर पीपीसीला किमान दहा. स्लॅबवर चौथ्या दिवसापासून पाणी बंद करायचं आणि पुढे भेगांचं खापर सिमेंटवर फोडायचं, हे बरोबर नाही.

राहता राहिली मातीची लाल वीट. तिच्यातही राख असू शकते. 1999 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं औष्णिक केंद्राच्या 50 किलोमीटर परिसरातल्या वीटभट्ट्यांना मातीत निदान 25 टक्के राख मिसळायला सांगितलं होतं. पुढे अंतर वाढलं, नियम कडक झाले आणि 2021 च्या अधिसूचनेनं कोळशाची राख शंभर टक्के वापरण्याची जबाबदारी वीजकेंद्रांवर टाकली. पण हे सगळे नियम कोळसा आणि लिग्नाइटच्या राखेपुरते आहेत. बगॅसच्या राखेवर असं बंधन नाही. पण प्रत्येक साखर कारखान्यात प्रयोगशाळा असते, केमिस्ट असतो. उसाच्या रसाची तपासणी रोज होते; तिथंच राखेचा नमुना भट्टीत पुन्हा जाळून वजन किती घटतं, म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा किती उरलाय, हे पाहिलं, तर कोणती राख विटेला चालेल आणि कोणती शेतात टाकायची, हे हंगाम संपायच्या आत कळेल.